राणी चार वर्षं माझ्याकडे होती

आमची हॉलंडमधल्या हार्लेमची घरमालकीण दर संध्याकाळी पाच वाजता केस विंचरून, बाहेर जायचे बूट घालून टेलिफोनशेजारच्या खुर्चीत बसायची. बाहेर कुठे जायची नाही. फोनही यायचा नाही. आठ वाजायला आले की बूट काढायची, जेनेव्हरची बाटली काढून अंगठ्याएवढ्या पेल्यात दारू ओतायची, आणि ती प्यायली की तिचा दिवस संपायचा. बुधवारी आणि शनिवारी हाच प्रकार दुपारी एक वाजताही व्हायचा, म्हणजे त्या दिवशी दोनदा. मी हे सगळं बघितलेलं आहे. त्या देशात बरेच लोक खिडक्यांना पडदे लावत नाहीत आणि लावले तरी ओढत नाहीत. रस्त्यावरून जाता-येता घरातलं सगळं दिसतं.

पहिल्या वर्षी मला वाटलं, बाईचं कुणीतरी आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं, डोक्यात काहीतरी आहे. तिसऱ्या वर्षी मी वैजूला म्हटलं, "ही बाई सांगते तशी नाही."

"मग कशी आहे?"

"ते कळलं की सांगते."

वैजू माझी मुलगी. लग्न होऊन नवऱ्याच्या मागे तिकडे गेली, सहा वर्षं घरी बसली, मग तिलाही कॉम्प्युटरची नोकरी लागली. ती आणि जावई त्या घराच्या वरच्या दोन मजल्यांवर भाड्याने राहतात. मी मिरजेला असते. वर्षातले तीन महिने त्यांच्याकडे जाते, कारण व्हिसा तेवढाच मिळतो आणि मला तेवढा पुरतो.

घरमालकीण इंग्लंडची होती. ऐंशीच्या आसपासची, सडपातळ, मान लांब. आम्ही तिला मडम म्हणायचो. तीस वर्षं तिने लंडनमध्ये आणि गावोगावी रंगभूमीवर काढली, असं ती सांगायची. पन्नाशीला एका कंपनीबरोबर हॉलंडला आली, इथल्या थिएटरात पडदे वर-खाली करणाऱ्या माणसाशी लग्न केलं आणि राहिली. तो माणूस गेला, घर तिला राहिलं. गल्लीतले लोक तिला नटी म्हणूनच ओळखायचे आणि तिला आधी हात करायचे. मी करत नसे.

याला कारण आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण नवरा गेल्यावर मी एका नाटक कंपनीच्या कपडेपटात लागले आणि तिथे सव्वीस वर्षं काढली. नट्या मी जितक्या जवळून बघितल्यात तितक्या त्यांच्या नवऱ्यांनी बघितल्या नसतील. नटी खोलीत आली की उजेड कुठून येतो ते आधी बघते आणि तिथे जाऊन उभी राहते. तिला ते कळतही नाही. ही मडम कधी उजेडात उभी राहायची नाही. दाराच्या चौकटीला टेकून, नाहीतर कपाटाच्या कडेला. दुसरं म्हणजे, नटी स्वतःबद्दल बोलते. ही दुसऱ्याचं ऐकत बसायची आणि ऐकताना ओठ हलवायची, समोरच्याचे शब्द मनात घोकल्यासारखे. आमच्याकडे हे काम विंगेत पुस्तक घेऊन बसणारा प्रॉम्प्टर करायचा. त्याचे ओठ जेवतानाही हलायचे. तेव्हा मी ठरवून टाकलं की बाई प्रॉम्प्टर होती आणि इथे येऊन नटी झाली. परक्या गावात आपण कोण होतो ते आपल्याला हवं तसं सांगता येतं. मीही विमानात शेजारच्या बाईला शिक्षिका आहे म्हणून सांगितलेलं आहे.

तिची-माझी भाषा म्हणजे नाटकातले शब्द. एंट्री, एक्झिट, विंग, लाईट, मेकअप, डायलॉग, शो, हाऊसफुल्ल. हे शब्द इंग्रजी आहेत हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्यांच्यावर आमचं बरंच भागायचं. उरलेलं वैजू सांगायची. कशी आहेस म्हणून विचारलं तर मडम बरी आहे असं कधी म्हणायची नाही. म्हणायची, "अव्हेलेबल." सर्दी झालेली असली तरी अव्हेलेबल. एकदा पाय मुरगळून सुजला होता, वैजू तिला हाउसआर्ट्सकडे घेऊन गेली, तर त्या डॉक्टरलाही तिने तेच सांगितलं. तो म्हणाला, कशासाठी?

एकदा मी वरच्या खिडकीतून खाली बघत होते. मागच्या बागेत मडम फेऱ्या मारत होती. माझा उजवा गुडघा गेलेला आहे, मी चालताना तो पाय बाहेरून फिरवून टाकते आणि डावा हात कमरेवर ठेवते. मडम तसाच पाय टाकत होती. कमरेवर हात. चार पावलं टाकायची, थांबायची, मान हलवायची, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला तिला ते इतकं जमलं की माझा गुडघा दुखायला लागला.

मी तशीच खाली गेले. वैजू मागून आली.

"विचार तिला, माझी नक्कल का करते."

वैजूने विचारलं. मडम लाजली वगैरे नाही. म्हणाली, "तुझी आई आजारी पडली तर?"

"मी आजारी पडले तर हिचं काय?" मी म्हटलं.

वैजू हसायला लागली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. घरी येऊन मी तिला म्हटलं, "ही बाई चांगली नाही. माणसाच्या पाठीमागे त्याचं चालणं उचलते."

जिन्यात फोटो होते. तिकडचे जिने शिडीसारखे उभे असतात, चढताना नाक भिंतीला लागतं, त्यामुळे ते फोटो मला तोंडपाठ झाले होते. सगळे नाटकातले. राजा, राण्या, शिपाई, तलवारी. एकाही फोटोत मडम नव्हती. तरुणपणीचा चेहरा वेगळा असतो हे मला कळतं, पण मान बदलत नाही. एक दिवस मी मधल्या फोटोवर बोट ठेवून विचारलं, "यू? वेअर?"

तिने हिरव्या झग्यातल्या राणीकडे बोट केलं आणि काहीतरी बोलली. वैजूने सांगितलं, "म्हणतेय, ही राणी चार वर्षं माझ्याकडे होती."

"तिला सांग, ही तुझी मान नाही."

"आई, असं सांगतात का कुणाला?"

"मग कसं सांगतात?"

वैजू मला हाताला धरून वर घेऊन गेली.

माझ्या पाचव्या फेरीपर्यंत हे सगळं असंच चाललं होतं आणि माझं काही अडत नव्हतं. घरमालकीण खोटारडी असली तरी छत गळत नव्हतं. पण त्या वर्षी मला परत यायला महिना राहिला असताना वैजू जेवताना म्हणाली, "आई, मी नोकरी सोडतेय. नाटकात काम मिळालंय."

वैजू तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती. तिकडे कायमची नोकरी मिळायला किती वर्षं काढावी लागतात ते मी तिच्याकडून ऐकलेलं होतं. ती तिला मिळाली होती. नीउ-व्हेनेपला दोघांनी एक नवीन घर बघून ठेवलं होतं, पुढे अंगण, मागे पाणी. दोघांचे पगार असतील तरच बँक हो म्हणणार होती. आणि ही सांगत होती की इंग्रजी नाटकं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या एका लहान मंडळीत तिला एका मोसमाचं काम मिळालं आहे, तालमी दिवसा असतात, नोकरी करून जमणार नाही, राजीनामा महिनाअखेरीस द्यायचा आहे.

"हे कुणी डोक्यात घातलं?" मी विचारलं.

जावयांनी ताटातून वर न बघता जमिनीकडे बोट केलं. म्हणजे खालच्या मजल्याकडे.

दोन वर्षं वैजू शनिवारी सकाळी मडमकडे जायची ते मला माहीत होतं. मला वाटायचं इंग्रजी सुधारायला जाते. ती नाटक शिकत होती. मडमने तिला सांगितलं होतं, तुला हे येतं. त्या एका वाक्यावर माझी मुलगी हातातली नोकरी आणि बघितलेलं घर सोडायला निघाली होती.

वैजू लहान असताना कंपनीच्या ट्रंकांवर झोपायची. सोळा वर्षांची झाली तेव्हा मालकांनी तिला एक लहान भूमिका देऊ केली. मी नाही म्हटलं. ती आठ दिवस रडली आणि मग अभ्यासाला लागली. त्यात माझी चूक झाली असं मला आजही वाटत नाही. नाटकातल्या बायकांची उतारवयं मी बघितली आहेत, त्यांचे झगे उसवून मी दुसऱ्यांसाठी बेतले आहेत. तेव्हा आता मला एकच गोष्ट शोधायची होती. जिच्या शब्दावर हे चाललंय ती बाई खरंच रंगमंचावर उभी राहिली होती का?

हातात तीन आठवडे होते.

संधी तिनेच दिली. मी शिवते हे तिला माहीत होतं. एक दिवस तिने कपाटातून तो हिरवा झगा काढला, फोटोतला, मखमलीचा, आणि माझ्या हातात दिला. बाहीला कसर लागली होती. रफू करशील का, असं बोटांनी विचारलं. मी तो वर घेऊन गेले, दार लावलं आणि उलटा केला.

कपडा उलटा केला की खोटं बोलत नाही. आत गळ्यापाशी एक पांढरी पट्टी होती, तिच्यावर शाईने नाव. मी इंग्रजी अक्षरं एक-एक लावून वाचते. ते मडमचं नाव नव्हतं. बाजूच्या शिवणीत जास्तीच्या कापडाची माया भरपूर सोडलेली होती आणि टिपा दोन होत्या, एक आत, एक बाहेर. पाठीवर हुकांच्या ओळीही दोन. पहिल्या ओळीचे हूक घामाने काळे पडलेले, दोरा तीनदा बदललेला, प्रत्येक वेळी वेगळ्या हाताने. दुसरी ओळ बोटभर आत, बारीक अंगाच्या बाईसाठी. तिचे हूक अजून चमकत होते. दोरा मूळचाच.

अशी दुसरी ओळ एकाच कामासाठी लावतात. मुख्य बाई आजारी पडली तर ऐन वेळी उभी राहायला एक मुलगी तयार ठेवलेली असते. सगळी भूमिका तिला पाठ असते, पण झगा एकच असतो. आमच्याकडे तिला बदली म्हणत. अशा दुसऱ्या ओळी मी कितीतरी लावल्या आहेत. त्या मुली अंगाला टाचण्या लावताना हलायच्या नाहीत, मुख्य बायका हलायच्या. एवढंच मला त्यांचं आठवतं. एकीचंही नाव आठवत नाही.

म्हणजे प्रॉम्प्टर नव्हती. बदली होती. आणि हुकांच्या चमकेवरून बघता, ती ओळ फारशी कधी लागलेलीच नव्हती.

मी रफू केलं, कारण काम घेतलेलं होतं, आणि पाच वाजता झगा घेऊन खाली गेले. त्या वेळेत तिच्याकडे कुणी गेलेलं तिला चालत नसे, म्हणून मुद्दामच गेले. ती बूट घालून फोनशेजारी बसली होती. मी झगा तिच्या मांडीवर उलटा टाकला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"धिस यू," मी म्हटलं. "हाऊ मेनी शो?"

तिने हुकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग बोटं मोजली. सहा. जरा थांबून एक बोट अर्धं दुमडलं. साडेपाच.

"हाफ शो?"

ती उठली आणि मला करून दाखवलं. मुख्य बाईला ताप. ही पहिला अंक करते. मध्यंतरात मुख्य बाई टॅक्सीतून उतरते, बरं वाटतंय म्हणते, हात पुढे करते. ही झगा उतरवून देते. ती बाई तो अंगात घालते आणि तोंड वाकडं करून म्हणते, गरम लागतोय.

मडमने ते तोंड असं केलं की ती बाई मला समोर दिसली. भूमिका न मिळालेल्या माणसाने इतकं चांगलं करू नये.

"फोर इयर," मी म्हटलं. "साडेपाच शो."

"रोज," ती म्हणाली. 'एव्हरी डे' मला कळतं. मग फोनकडे बोट करून, हळूहळू, मला समजेल असं सांगितलं. पुढे पुढे ती थिएटरला लागूनच खोली घेऊन राहायची. पाचला फोनपाशी बसायचं. पडदा वर जाईपर्यंत हलायचं नाही. बुधवारी आणि शनिवारी दुपारचाही खेळ, म्हणून दोनदा.

"नाऊ? हू फोन?"

"कुणी नाही," ती म्हणाली आणि पुन्हा खुर्चीत बसली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी म्हटलं, "यू लाय. यू से क्वीन."

तिने मान हलवली. म्हणाली, मी ती केली असं कधी म्हटलं नाही, माझ्याकडे होती असं म्हटलं. मी आठवून बघितलं. खरोखरच तिने कधी केली असं म्हटलं नव्हतं. पाच वर्षं मी खोटं पकडायला टपले होते आणि हाती काहीच लागलं नाही. मला राग आला.

मग मी मुख्य गोष्ट विचारली. "वैजू. गुड?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. हे मला बरं वाटलं. लगेच हो म्हटलं असतं तर मी उठून गेले असते. तिने एक बोट वर केलं आणि मान आडवी हलवली. मग दोन बोटं वर केली आणि मान उभी हलवली.

पहिली, नाही. दुसरी, होय.

मी जिना चढून वर गेले. वैजू घेवडा निवडत बसली होती.

"तुझी मडम बदली होती," मी म्हटलं. "तीस वर्षं दुसरीच्या झग्यात."

"माहितेय."

"काय माहितेय?"

"बदली होती ते." शेंगेची शीर तिने ओढून काढली. "मलाही तेच काम मिळालंय, आई. बदलीचं."

मी खाली बसले. "तुझ्या नवऱ्याला माहितेय हे?"

"काम मिळालंय एवढं माहितेय."

"म्हणजे नाही."

"म्हणजे नाही."

"कायमची नोकरी सोडून विंगेत बसणार तू. कोण कधी आजारी पडतंय म्हणून."

"कुणी नाही पडलं तरी सगळं तयार लागतं. रोज. तिचं बोलणं, तिचं उभं राहणं, सगळं. मला ते आवडतं."

"बघणार कोण?"

"कुणी नाही."

"मग घरी कर की."

"घरी कशाला करेन?" वैजू म्हणाली. तिला माझं म्हणणं खरंच कळलं नव्हतं आणि मला तिचं.

मी तिला सांगितलं, उद्यापर्यंत तू सांग, नाहीतर मी सांगते. तिने त्याच रात्री सांगितलं. जावई दोन दिवस बोलले नाहीत. भांडणारा माणूस नाही तो. पुण्याचा आहे पण भांडत नाही. तिसऱ्या दिवशी दारात सायकलच्या चेनला तेल घालत होते, मी पायरीवर बसले होते.

"आई, बदली नक्की काय करते?"

मी सगळं सांगितलं. झगा, हुकांची ओळ, टाचण्या.

"आणि मुख्य बाई आजारीच नाही पडली तर?"

"तर काही नाही. बसून राहायचं."

ते बराच वेळ चाक फिरवत राहिले. "नीउ-व्हेनेपचं घर आता दुसऱ्या कुणाला जाईल," असं स्वतःशीच म्हणाले. मग म्हणाले, "मला नाटकातलं काही कळत नाही. तुम्ही त्या लायनीतल्या. तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर ती ऐकेल. सोळाव्या वर्षी ऐकलं होतं म्हणे."

हे वैजूने त्यांना सांगितलेलं होतं. केव्हा, कुणास ठाऊक. मला ते बोचलं.

"मी बघून सांगते," मी म्हटलं.

शनिवारी सकाळी मी वैजूच्या पाठोपाठ खाली गेले आणि न विचारता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. मडमने मला नको म्हटलं नाही. तिने पुस्तकही हातात घेतलं नाही. बाकी सगळ्यांचे डायलॉग ती एकटी म्हणत होती, म्हाताऱ्याचे, पोराचे, नोकराचे, आणि वैजू मुख्य बाईचे. इंग्रजी मला कळत नव्हतं, त्यामुळे मी फक्त बघत होते.

माझी मुलगी नाकाने हसत नाही. ही हसत होती. माझ्या मुलीचे खांदे पडलेले आहेत, माझ्यासारखे. हिचे नव्हते. चालताना ही टाच आधी टेकवत होती. समोर पोटची मुलगी असून मी तिला शोधत होते. मध्येच मडमने टाळी वाजवून थांबवलं आणि वैजूच्या मनगटावर बोट मारलं. नंतर मी वैजूला विचारलं, ती काय म्हणाली. वैजू म्हणाली, "हा हात तुझा आहे, म्हणाली. तिचा आण."

वैजूने पुन्हा केलं. या वेळी हातही तिचा नव्हता.

मला ते बघून आनंद झाला नाही. पण काम कुणाला येतं आणि कुणाला येत नाही हे मला कळतं, आणि मुलीसाठी खोटं सांगायचं असेल तर ते मी तिच्या सोळाव्या वर्षीच सांगितलं होतं. तेव्हा मालकांना मी म्हटलं होतं, पोरीला अंग नाही. त्या वेळी ते खरं की खोटं मी बघितलंही नव्हतं.

वर येऊन जावयांना सांगितलं, "येतं तिला."

"मग सोडू दे?"

"सोडू दे असं मी म्हटलं नाही. येतं तिला, एवढंच म्हटलं."

ते हसले. म्हणाले, "तुम्ही आणि खालच्या मडम एकाच शाळेतल्या." महिनाअखेरीस वैजूने राजीनामा दिला. त्यानंतरच्या सोमवारी मी विमानात बसले.

मडम गेल्या हिवाळ्यात गेली. दुपारची गेली, बुधवार होता, असं वैजूने फोनवर सांगितलं. बूट पायात होते का, ते मी विचारलं नाही. घर तिच्या नवऱ्याच्या पुतणीकडे गेलंय. ती जिन्यातले फोटो काढून घेऊन गेली, कुणाचे ते न विचारता. वैजू आणि जावई अजून तिथेच भाड्याने राहतात. त्या मंडळीने वैजूला पुन्हा घेतलंय, पुन्हा बदलीच. पहिल्या मोसमात ती दोनदा उभी राहिली. दोन्ही वेळा मी मिरजेला होते. पुढच्या फेरीला, मडम होती तेव्हा, मी तिथे असताना त्यांचा एकच प्रयोग झाला, फोरबर्गच्या एका लहान हॉलमध्ये, आणि त्यात माझी मुलगी नव्हती.

तरी आम्ही गेलो. जावई, मी आणि मडम. जावयांनी गाडी चालवली. मी नाटकवाल्यांसाठी डबाभर चिवडा केला होता. आमच्या कंपनीत कुणाच्या घरचं माणूस आलं की काहीतरी घेऊन यायचं अशी पद्धत होती. वैजूने डबा आत नेला.

पडदा वर गेला. मुख्य बाई तरुण होती, उंच, आवाज मोठा. बघितल्याबरोबर मला ओळखीची वाटली, कारण मी तिला मडमच्या खोलीत बघितलेलं होतं. नाकाने हसली, टाच आधी टेकवली. वैजू कुठे बसली असेल म्हणून मी विंगेकडे बघत होते. काळ्या कपड्यातलं कुणीतरी स्टुलावर होतं. गुडघ्यावर हात, पाठ ताठ, ओठ हलतायत.

पहिल्या अंकाच्या शेवटाकडे मुख्य बाई खोकली. नाटकातलं नव्हतं ते. थोड्या वेळाने पुन्हा खोकली आणि एक वाक्य अर्धवट घशात राहिलं. स्टुलावरचं माणूस उभं राहिलं.

माझ्या शेजारी मडमची पाठ खुर्चीपासून सुटली. मी हात जोडले नाहीत, पण देवाला जे मागितलं ते इथे लिहीत नाही. त्या पोरीने माझं काही वाकडं केलेलं नव्हतं.

मध्यंतरात दिवे लागले. मडम माझ्याकडे वळली आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. जावयांनी सांगितलं, "त्या विचारतायत, डब्यात काय होतं?"

"चिवडा."

"तिखट होता का, विचारतायत."

"होता थोडा. मिरच्या घातल्यात, मग तिखट असणारच."

"तिने खाल्ला का?"

"सगळ्यांनी खाल्ला असेल. मला काय माहीत?"

मडमने माझ्याकडे बराच वेळ संशयाने बघितलं. मग माझ्या हातावर हात ठेवून, लहान मुलीला समजावतात तसं बोलली. जावई सांगायला तयार नव्हते. मी म्हटलं, सांगा.

"म्हणतायत, असं करायचं नसतं. वाट बघायची असते."

"मी काही केलेलं नाही, सांगा त्यांना."

त्यांनी सांगितलं. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे दिसत होतं. घंटा झाली. पडदा वर गेला आणि तीच मुख्य बाई आली, पाणी पिऊन, घसा साफ करून, आवाज पहिल्यापेक्षा चांगला. मडम मागे टेकली आणि नाटक बघायला लागली. मी बघितलं नाही. त्या बाईच्या घशाकडे कान लावून शेवटपर्यंत बसून राहिले.